मशीनचं दावं

जयराम : मावशी, दात दाखवा की हिचे.

गोदू : मशीनला दात नसतात रे बाबा.

जयराम : असतात. सुईजवळच्या ह्या पायाखाली बघा. झिजलेत. वय झालंय म्हातारीचं. आता खूर बघू.

सुंदरा : अहो, बैल घ्यायला नाय आलो आपण. हात नका लावू. आधी बसा, पानी प्या.

जयराम : अगो, आख्खी जवानी म्हशाच्या जत्रेत बैलांची दलाली करण्यात गेली. वस्तू बघायची मला एकच रीत येते. दात, खूर, मग चालवून बघायचं. चालवू का मावशी?

गोदू : चालव.

जयराम : हं... हे काय? पायडल मारतोय, खालचं चाक फिरतंय, वरचं ढिम्म. लकवा मारलाय का हिला? थांब, थांब. सुंदरा, वादीच नाय हिला! खालच्या चाकावरनं वरच्या चाकावर चामड्याची वादी असते ना, तीच गायब. मावशी, वादी कुठं गेली?

गोदू : ती नाय मिळायची.

जयराम : म्हंजे हरवली?

गोदू : हरवली नाय. मिळायची नाय.

जयराम : ऐकलंस? शहापूर ते मुरबाड टेम्पो हानत आलो, डिझेल जाळलं, आन मशीन निघाली बिनावादीची. उद्या बाई म्हनंल सुईपन नाय मिळायची, बॉबिनपन नाय मिळायची, नुसता फोटो काढून न्या.

सुंदरा : तुमी जरा गप बसता का? मावशी, ह्यांच्याकडं लक्ष नका देऊ. मी सुंदरा. शहापूरला एसटी स्टँडच्या बाजूला माझं शिवनकामाचं दुकान हाय. तुमची रविना येते माझ्याकडं, पोरांचे गनवेश शिवायला. तीच बोलली, बाबांची चामडं शिवायची मशीन आईकडं पडून हाय.

गोदू : रविना बोलली होती खरी. एक शिवनवाली येनार हाय, चांगली बाई हाय. संगं कोन येनार ते नाय बोलली.

जयराम : संगं येनारा तिच्याहून चांगला हाय, मावशी. वेळ लागतो कळायला.

गोदू : काय शिवतेस गो तू?

सुंदरा : सगळं. ब्लाउज, परकर, दप्तरं, रिक्षाच्या सीटा. माझ्याकडं साधी मशीन हाय, सपाट टेबलाची. त्याच्यावर जे पसरतं ते सगळं होतं. पन स्टँडवर बसलं म्हंजे लोक काय पन घेऊन येतात. कंडक्टर त्याची चामड्याची बॅग आनतो, कोपरा फाटलेला. कोन बूट आनतो, कोन ढोलकीची पिशवी, कोन क्रिकेटचे ग्लोज. ते टेबलावर कुठं पसरायचं? सुईखाली जातच नाय. मग काय, "होनार नाय, होनार नाय." सकाळपास्नं संध्याकाळपर्यंत तेवढंच बोलते मी. रात्री झोपेत पन बोलले परवा.

जयराम : खरं हाय. मी नुसतं विचारलं, चादर देते का गो? तर म्हनते "होनार नाय."

सुंदरा : मावशी, हिला टेबल नाय, हात हाय. बघा ना कसा बारीक, लांब, तान्ह्या पोराचा असावा तसा. बूट मोज्यासारखा वर चढवायचा, आन सुई थेट बुटाच्या नाकात. तेच पायजे मला.

गोदू : तुला ठाऊक दिसतंय.

सुंदरा : कल्यानला एकाच्या दुकानात बघितली होती. तासभर उभी होते काचेच्या बाहेर. शेवटी त्यानं विचारलं, बाई, हरवलात का?

जयराम : आन त्याच्याच बाजूच्या दुकानात मी बघितली ती सांग की! मावशी, काय मशीन होती! हिरवीगार, बाजूला मोटर, बटन दाबलं का घर्रर्र. चामडं म्हनू नका, पत्रा शिवंल ती.

सुंदरा : टेबल सपाट. पत्रा शिवंल, बूट नाय शिवनार.

जयराम : शोभा तर बघ! दुकानात ठेवली असती तर लोकांनी बाहेरनं नमस्कार केला असता.

सुंदरा : आन लाइट? शहापूरला दिवसातनं किती वेळ लोडशेडिंग असतं ते तुमी मोजलंय कधी? बटन दाबून बसायचं आन घर्रर्र तोंडानं करायचं?

गोदू : हिला लाइट नाय लागत. पाय लागतात.

जयराम : पाय लागतात, वादी लागते. पायाचं बघू, वादीचं काय? बरं मावशी, आता सरळच सांगतो. वस्तू अर्धी हाय. अर्ध्या वस्तूला गिऱ्हाईक एकच. मी भंगारवाला. टेम्पो भायेर उभा हाय, काटा टेम्पोत हाय. बोला, किलोनी देता का उचलून?

सुंदरा : अहो!

गोदू : भंगारवाला?

जयराम : वासिंद, आसनगाव, खर्डी, सगळं भंगार आपल्याकडंच येतं. तुमचं पायडल बिडाचं, त्याला भाव जरा बरा—

गोदू : उठ.

जयराम : आं?

गोदू : उठ तिथनं. पोरी, तू पन सरक. ही गोधडी टाकू दे मला मशीनवर. रोशननीच पाठवलं ना तुमाला? माझ्याच पोरानं. त्याचं चाललंय महिनाभर, आई, ती खाट मांडायला जागा होईल, ते लोखंड देऊन टाक. रविवारी भंगारवाला आनतो बोलला होता. शुक्रवारीच आला. आन बाईमानूस पुढं घालून, शिवनवालीचं सोंग करून.

सुंदरा : नाय ओ मावशी! सोंग नाय! मी खरंच—

गोदू : च्या झाला असता. आता नाय होत. टेम्पो काढा, वासरू बांधायचंय तिथं.

जयराम : मावशी, अहो गंमत केली मी. भंगारवाला नाय मी, टेम्पोवाला हाय. भाजी भरतो. भाव करायची रीत असते ती, वस्तूला थोडी नावं ठेवायची...

गोदू : नावं बैलाला ठेवायची. बैल उलटा शिंग मारतो. हिला मारता येत नाय म्हनून ठेवतोस?

सुंदरा : बघा. बघा काय करून ठेवलंत ते. तीन वर्षं मी ह्या मशीनीच्या मागं हाय. कल्यानची परवडत नव्हती, उल्हासनगरची जुनी घेतली तर तिचा हात तुटलेला निघाला. ही एक मिळत होती. एक! तुमाला एक दिवस गप बसायला काय होतं हो? जत्रा संपली तुमची. बैल संपले. आता बायकोचं पन विका भंगारात.

जयराम : सुंदरा, अगो ऐक—

सुंदरा : नाय ऐकायचं. मावशी, जाते मी. चूक झाली ह्यांची, मी पाया पडते. फक्त एवढं बघा, पिशवीत काय हाय ते. मी खोटी नव्हते एवढंच कळू दे तुमाला.

गोदू : काय ते?

सुंदरा : बूट हाय. उंबरमाळीला रेल्वेचा गँगमन हाय एक, बुधूभाऊ. घाटात रूळ तपासत जातो. आठ दिवसांखाली आला, बुटाचं नाक उघडलेलं, पार जिभेसारखं लोंबतंय. सपाट मशीनवर हे कुठं बसनार? मी बोलले, होनार नाय. तो काय बोलला नाय, तार मागितली, बांधायला. मला काय झालं काय म्हाईत, बोलले, ठेवून जा बूट. ठेवून गेला. आता चपलीवर फिरतोय त्या खडीत. हातानं शिवायला बसले, आरी आत जातच नाय, ही बघा, बोटं फोडून घेतली नुसती.

गोदू : दाव. ...हा तळ कोनी शिवलाय?

सुंदरा : मीच. तेवढाच झाला.

गोदू : टाके सारखे हाईत.

सुंदरा : येते, मावशी.

गोदू : थांब गो. बोलले का मी, जा? त्याला बोलले.

जयराम : मी जातो भायेर. टेम्पोत बसतो. वासराला पन सांगतो, माझ्याकडं बघू नको.

गोदू : तू पन थांब. टेम्पोत बसून हॉर्न वाजवशील.

सुंदरा : मावशी, एक विचारू? राग नका धरू. बाकी मशीन एवढी जपलीत. तेल हाय, गंज नाय, सुई पन लावून ठेवलीत. मग वादीच का नाय देत? नवी मिळंल मला कल्यानला, त्याचं काय नाय. पन का?

गोदू : देवाजवळ टांगलीय. तिथंच राहू दे.

सुंदरा : देवाजवळ?

गोदू : हां. ती, आन गेल्या साली ढवळा विकला त्याचं. आन त्याच्या आधी गाय विकली तिचं पन. सगळी एका खुंटीला हाईत.

जयराम : ...आयला.

सुंदरा : आता काय झालं?

जयराम : आयला, आयला, आयला! सुंदरा, मला एक चप्पल मार. नाय, खरंच मार. मावशी, तुमी दावं ठेवलंय!

गोदू : आता कळलं दलालाला.

सुंदरा : मला नाय कळलं.

जयराम : अगो, जनावर विकलं ना, का मालक दावं देत नाय. दावं सोडून घरात ठेवतो, गोठ्याची लक्ष्मी दाव्याबरोबर जाऊ नये म्हनून. घेनाऱ्यानं आपलं नवं दावं घेऊन यायचं, ते बांधायचं आन न्यायचं. म्हशाला शेकडो सौदे केले मी, दोरीवाला बाजूलाच बसवून घ्यायचो. आन इथं येऊन विचारतोय, वादी कुठं गेली! मावशी, पन मशीनला कोन करतो हे?

गोदू : आमचं मानूस करायचं. मशीनलाच कशाला, सायकल विकली तेवा घंटी ठेवून घेतली. तो पन जत्रेतलाच. बैलांच्या घुंगरांचे पट्टे ह्याच मशीनवर शिवायचा, म्हशाला मांडायचा.

जयराम : पंढरीमामा? घुंगरांच्या पट्ट्यांवाला पंढरीमामा? पिंपळाखाली बसायचा तो? अहो, त्यानं मला एकदा पट्टा विकला आन बोलला, बैलाला लहान झाला तर तू घाल!

गोदू : तोच.

जयराम : हे आधी नाय का सांगायचं! मी पाया पडून आत आलो असतो.

गोदू : तू दात बघत आलास.

सुंदरा : मावशी, आमच्या आधी कोन आलं होतं बघायला?

गोदू : दोघं. एक मुरबाडचा, एक टोकावड्याचा. वादी नाय म्हनून दोघं पन हसून गेले. मी सांगितलं नाय. ज्याला न्यायची त्यानं आनायला पायजे ना आपलं दावं? सांगून आनवलं तर ते काय.

जयराम : बरोबर हाय. एकदम बरोबर. सुंदरा, तुझी चामडं कापायची रापी हाय ना पिशवीत? काढ.

सुंदरा : कशाला?

जयराम : काढ तर. हा घे पट्टा.

सुंदरा : तुमच्या कमरेचा?

जयराम : मग काय वासराचा? काप.

सुंदरा : अहो, हा तुमचा जीव की प्रान. रात्री खुंटीला टांगताना पुसून टांगता. आन ह्याची वादी नाय व्हायची, रेक्झिन हाय ते.

जयराम : अस्सल चामडं हाय!

सुंदरा : रेक्झिन हाय. घेतला तेवापास्नं सांगतेय.

जयराम : काप आन बघ. उभा काप, मधोमध. दोन बारीक वाद्या निघतील, एकाला एक जोडायच्या. लांबी पुरती होईल.

सुंदरा : कापते हं. मग रडू नका.

जयराम : काप.

सुंदरा : ...अगो बाई.

जयराम : काय?

सुंदरा : चामडं हाय.

जयराम : बघ! बघ! मावशी, तुमी साक्षीदार! तीन वर्षं ही मला खोटारडा बोलते. सगळ्या मेहुन्यांत सांगितलंन, आमच्या ह्यांना उल्हासनगरवाल्यानं टोपी घातली. आता बोल! वास घे, वास!

सुंदरा : हो हो, अस्सल हाय. चुकले मी. आता तुमी पॅन्ट धरा, घसरतेय.

गोदू : ही सुतळी घे रे बाबा. घरात बाईमानूस हाय.

जयराम : द्या. चामड्यावरनं सुतळीवर आलो. पन इज्जत वाढली.

सुंदरा : मावशी, जोडाला तार लावू का दोऱ्यानं शिवू?

गोदू : शीव. तारेनी टकटक वाजतं. दोरा मेनातनं ओढून घे आधी. ...हां. आता चाकावर चढव. जास्त तानू नको, नवी वादी हाय, ती आपसूक बसंल.

सुंदरा : बसली. मारू पायडल?

गोदू : देवाचं नाव घे आन मार.

जयराम : चालली! वरचं चाक चाललं! मावशी, उठली तुमची म्हातारी!

गोदू : ओरडू नको, वासरू बुजतंय. बूट चढव गो. आत, आनखी आत. नाकापर्यंत जाऊ दे. हां. आता शीव.

सुंदरा : जातेय... जातेय... अहो अडकला. मावशी, वळनावर अडकतोय.

गोदू : बूट कशाला वळवतेस?

सुंदरा : मग? कापड आपन वळवतोच ना?

गोदू : हे ब्लाउज नाय. बुटाला वळायला जागा कुठाय? बूट गप धर. हा वरचा पाय हाय ना सुईजवळचा, ही कळ फिरव, तो फिरतो. ज्या बाजूला त्याचं तोंड, त्या बाजूला टाका. सरळ, आडवा, मागं. वस्तू नाय फिरवायची, आपन फिरायचं.

सुंदरा : सवय मोडत नाय हाताची.

गोदू : दे मनगट. माझ्या हातावर ठेव. आता मार पायडल, सावकाश. असं... असं... आता वळ. असं.

सुंदरा : मावशी, तुमाला येतं की! तुमीच का नाय चालवत?

गोदू : गुडघे गेले गो. हात हाईत, गुडघे नाय. नायतर मी विकली असती का? बघू नको माझ्याकडं. सुईकडं बघ.

सुंदरा : झालं. मावशी, झालं! अहो, बघा ना, नाक बंद झालं! आतनं हात घालून बघा, गाठ नाय, काय नाय!

जयराम : बघतो. ...कडक. एकदम कडक. बुधूभाऊ आता रूळ काय, इंजिनाला लाथ मारंल.

सुंदरा : मावशी, घेते मी. द्याल ना?

गोदू : टॉवेल हाय का रे तुझ्याकडं?

जयराम : हा गळ्यातला. घाम पुसायला?

गोदू : सौद्याला. दलाल ना तू? टाक हातावर.

जयराम : वा! टॉवेलखाली सौदा! किती वर्षांनी! या मावशी, या. हा माझा हात. बोटं दाबा, बोला.

गोदू : तुझा नको. जी बसनार तिचा.

जयराम : तिला कुठं येतं बोटांचं? कुठलं बोट शंभराचं, कुठलं हजाराचं...

सुंदरा : येतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुमीच शिकवलंत, सासूबाईंसमोर बोलता येत नव्हतं तेवा.

गोदू : काय शिकवलं ते नको सांगू. हात दे.

जयराम : ...काय चाललंय? सुंदरा? किती दाबली? अगो, मान हलवू नको, पैला आकडा कधी मान्य नाय करायचा! मावशी, तुमी हसू नका. निदान मला एका डोळ्यानं खुनव. अगो!

सुंदरा : झालं.

जयराम : झालं? किती?

सुंदरा : टॉवेलखालचं वर नाय बोलायचं. तुमीच सांगायचात ना?

जयराम : नवऱ्याला बोलायचं असतं!

सुंदरा : मावशी, पन तुमी कमी दाबलीत बोटं. मी जास्त धरून आले होते.

गोदू : म्हाताऱ्या मानसाची बोटं दुखतात. तेवढीच दाबली गेली.

सुंदरा : मावशी...

गोदू : कुंकू लावते तिला, मग उचला. आन ऐक गो. बाजाराच्या दिवशी शहापूरला येत जाईन मी, रविनाकडं जाताना. तू बूट वळवलास तर हातावर मारीन.

सुंदरा : मारा. पाट ठेवते तुमचा, मशीनच्या बाजूलाच.

जयराम : चला, मान धर तू, मी पाय धरतो. सुतळी सुटली तर कोनी हसायचं नाय. हं... उचल. जड हाय बाई. वर घे. बसली. मावशी, बांधलीय घट्ट.

गोदू : तोंड कुठं केलंस तिचं?

जयराम : पुढं, मावशी. शहापूरकडं.

गोदू : बरं केलंस. जनावर नेताना घराकडं बघू द्यायचं नसतं. मागं बघलं का चार दिवस वैरनीला तोंड लावत नाय. आमचं मानूस डोळ्यांवर फडका टाकायचं.

जयराम : ठाऊक हाय मला.

गोदू : जा आता. उभं नका राहू.

(टेम्पो रस्त्याला लागतो.)

सुंदरा : अहो.

जयराम : हं.

सुंदरा : मागच्या काचेतनं बघतेय मी. तोंड मागं हाय तिचं. घराकडंच.

जयराम : हाय.

सुंदरा : मावशीला पुढं केलंय सांगितलंत.

जयराम : सांगितलं.

सुंदरा : कशाला? आन आता खरंच वैरनीला तोंड लावलं नाय तर?

जयराम : लोखंड हाय ते, सुंदरा. त्याला काय कळतंय.

सुंदरा : मग एवढं हळू का चालवताय?

जयराम : पुढं वळन हाय. तिथपर्यंत दिसतं घर.